साडेतीन फुटांचा दरवाजा

“शोभनाताई, एक जागा मिळेल का?”

तहसीननं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा घड्याळात पावणेबारा वाजले होते, आणि एक जागा मोकळी होती. माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात ते स्वच्छ दिसत होतं. तीन लायसन्स, दोन वापरात, एक शिल्लक.

“नाही गं,” मी म्हटलं. “जेवणाच्या सुट्टीत बघते.”

“बरं,” ती म्हणाली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली. तोंड वाकडं केलं नाही, सुस्कारा टाकला नाही. तिनं जरा चिडचिड केली असती तर मला बरं वाटलं असतं.

ही गोष्ट दोन हजार पाच सालची. सांगलीत आर्किटेक्ट ताम्हनकर सरांचं ऑफिस होतं. आम्ही पाच जण, पाच कॉम्प्युटर, आणि कॅडची, म्हणजे ज्याच्यावर नकाशे काढायचे त्या सॉफ्टवेअरची, लायसन्स तीनच. एका वेळी तिघांनीच काम करायचं. बाकीच्यांनी वाट बघायची, नाहीतर साइटवर जायचं. कुणी कधी बसायचं ते मी ठरवायची, कारण लायसन्सचा ताबा माझ्या मशीनवर होता. लायब्ररीही माझीच. लायब्ररी म्हणजे सगळ्यांना दिसणारा एक फोल्डर. त्यात दारं, खिडक्या, बेसिनं, कमोड, कॉटा, झाडं, सगळं एकदाच नीट मापात काढून ठेवलेलं. ज्याला जे लागेल ते त्यानं तिथून उचलायचं आणि आपल्या नकाशात ठेवायचं. एक्क्याण्णव साली मी आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन या ऑफिसात आले तेव्हा ड्रॉइंग बोर्ड होते, शाईची पेनं होती. मग कॉम्प्युटर आले, सरांनी मला महिनाभर पुण्याला शिकायला पाठवलं, आणि परत आल्यावर ती लायब्ररी मी एकटीनं, एकेक दार मोजून, उभी केली. कुठल्या रेषेला कुठला रंग, कुठली जाडी, याचे नियमही मीच टाइप करून भिंतीवर चिकटवले होते. अजित नावाचा आमचा ड्राफ्ट्समन नव्या माणसाला सांगायचा, “ताईंच्या लायब्ररीत चूक नसते. चूक दिसली तर आधी आपला चष्मा पुसायचा.”

तहसीन मुजावर जूनमध्ये आली. चोवीस वर्षांची, कोल्हापूरहून डिग्री घेतलेली. वडील मिरज डेपोत कंडक्टर. रोज सकाळी मिरजेहून एसटीनं यायची आणि माझ्याआधी पोचायची. माझ्याआधी कुणी पोचायचं नाही, असा त्या ऑफिसात एक न लिहिलेला नियम होता, तो तिला कुणी सांगितला नव्हता.

ती वाईट असती तर सोपं होतं. ती वाईट नव्हती. डबा आणायची त्यातलं आधी माझ्या ताटलीत वाढायची. माझ्या नियमांचा कागद तिनं वहीत उतरवून घेतला होता. पण हात असा चालायचा की बघत राहावं. मला ज्या नकाशाला दोन दिवस लागत, तो ती दीड दिवसात आणून ठेवायची आणि म्हणायची, “ताई, एकदा नजर टाका, काहीतरी राहिलं असेल.” मी नजर टाकायची. काही राहिलेलं नसायचं.

सर मला पहिल्या दिवसापासून ‘शोभनाबाई’ म्हणायचे, ‘तुम्ही’ म्हणायचे. मला तो मान वाटायचा. तहसीनला तिसऱ्याच आठवड्यात ते म्हणाले, “तहसीन, तू बघ गं जरा हा जिना,” आणि माझा चौदा वर्षांचा मान मला एकदम परक्यासारखा वाटायला लागला.

घरी मी तिच्याबद्दल इतकं बोलायची की एकदा नवऱ्यानं आमटी वाढून घेता घेता विचारलं, “त्या पोरीचं नाव घेतल्याशिवाय तुला घास जात नाही का?” मी त्या दिवशी अर्ध्या जेवणावरून उठले.

म्हणून मग मी तिला लायसन्स द्यायची नाही. उघड नाही म्हणायची नाही. आत्ता नाही, जरा वेळानं, अजितचं अर्जंट आहे, असं. जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी पाचनंतर तिला जागा मिळायची. मधल्या वेळात ती आपल्या मशीनवर काहीतरी टाइप करत बसायची. मला वाटायचं, पत्रं लिहीत असेल.

ऑगस्टमध्ये एक दिवस अजितचा आवाज आला. “ताई, हे बघा की! ताई, लवकर या!”

तहसीननं कीबोर्डवर दोन अक्षरं मारली, एका भिंतीवर क्लिक केलं. भिंत आपोआप कापली गेली, तिथं चौकटीसकट दार येऊन बसलं आणि दाराशेजारी त्याचा नंबरही पडला. हे सगळं हातानं करायला आम्हाला प्रत्येक दारामागं तीन-चार मिनिटं लागायची. मग तिनं आणखी दोन अक्षरं मारली, आणि नकाशाच्या कडेला दारांची यादी उमटली. कुठलं दार, किती नग, किती रुंद. ती यादी करायला मी अर्धा दिवस घ्यायची आणि दोनदा ताडून बघायची.

“कुठून आणलंस हे?” मी विचारलं.

“लिहिलं, ताई. जागा नसायची तेव्हा नोटपॅडमध्ये लिहीत बसायचे. त्याला लायसन्स लागत नाही ना.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी फार शोधला.

सरांच्या कानावर गेलंच. ते म्हणाले, सोमवारी अकरा वाजता सगळ्यांना दाखव. डॉक्टर कोरे मॅडमच्या मॅटर्निटी होमवरच करून दाखव, म्हणजे कामही पुढं सरकेल. मिरजेतलं ते दोन मजली हॉस्पिटल तेव्हा आमच्याकडं सगळ्यात मोठं काम होतं.

शनिवारी संध्याकाळी सगळे गेले. कुलूप लावायचं काम माझंच असायचं. साडेसहा वाजून गेले होते, खालच्या चहावाल्यानं शटर अर्धं ओढलं होतं. मी लायब्ररीतली डी-टू नावाची फाईल उघडली. डी-टू म्हणजे हॉस्पिटलच्या वॉर्डाचं दार, चार फूट रुंद. मी ते साडेतीन फूट केलं आणि सेव्ह केलं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

माझा हिशेब असा होता. तहसीनची कमांड वॉर्डाच्या भिंतीत चार फुटांचं भोक पाडणार आणि त्यात साडेतीन फुटांचं दार ठेवणार. बाजूला सहा इंचांची फट राहणार. सगळे हसणार. मी म्हणणार, “असू दे गं, हातानं केलेलं काम ते हातानं केलेलं काम.” आणि जेवणाच्या सुट्टीत मी दार परत चार फूट करून ठेवणार. कुणाचं नुकसान करायचं माझ्या मनात नव्हतं. मला फक्त तिचं हसं व्हायला हवं होतं.

सोमवारी सगळे तिच्या खुर्चीमागं उभे राहिले. तिनं पहिल्या वॉर्डाच्या भिंतीवर क्लिक केलं. दार येऊन बसलं. फट नव्हती. भिंत जेवढ्यास तेवढी कापली गेली होती.

“भिंत किती कापायची ते याला कळतं कसं?” सरांनी विचारलं.

“मी माप कुठं लिहिलेलंच नाही सर,” तहसीन म्हणाली. “ते दाराकडूनच घेतं. शोभनाताईंची लायब्ररी एवढी पक्की आहे की तिच्यावर डोळे मिटून विसंबता येतं. म्हणून तर जमलं हे.”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हसले.

तिनं वॉर्डांची अकराच्या अकरा दारं बसवली आणि यादी काढली. डी-टू, अकरा नग, रुंदी साडेतीन फूट. यादी आपोआप उमटली याकडंच सगळे बघत होते, आकडा कुणी वाचला नाही. मी वाचला. ‘सर, एक मिनिट,’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, खोटं नाही सांगत. तेवढ्यात सर म्हणाले, “शाब्बास! तहसीन, उद्यापासून रोज अर्धा तास शोभनाबाईंना हे शिकव.”

मी तोंड मिटलं.

दुपारी मी लायब्ररीतलं दार परत चार फूट केलं. मला वाटलं, आत्ताचं हे नुसतं दाखवण्यापुरतं आहे, नकाशा ती पुन्हा बसवेल. तिनं कशाला पुन्हा बसवावा? बुधवारी तोच नकाशा सरांच्या सहीसाठी गेला. मोठे नकाशे छापायचा प्लॉटरही माझ्याच ताब्यात होता. कागद बाहेर आला, मी कडेनं कापला, यादीवर नजर गेली. साडेतीन. मला वाटलं, रंगराव सुतार तीस वर्षं चौकटी बसवतोय, त्याच्या लक्षात येईल, तो विचारेल, आणि तिची चूक तिच्या पदरात पडेल. मी घडी घातली आणि कागद मिरजेला पाठवला.

रंगरावनं विचारलं नाही. कागदावर सही होती.

सव्वा महिन्यानं कोरे मॅडमचा फोन आला. सर फोन ठेवून उठले आणि आम्हा दोघींना म्हणाले, “चला माझ्याबरोबर.”

वॉर्डांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, चौकटी आत बसल्या होत्या, गिलावा व्हायचा होता. डॉक्टरीणबाईंनी जुन्या दवाखान्यातून एक चाकांची कॉट मागवून घेतली होती. आम्हाला बघून त्यांनी ‘या’सुद्धा म्हटलं नाही. पदर खोचला, कॉटेचा दांडा धरला आणि स्वतः ढकलत पहिल्या वॉर्डाच्या दाराशी आणली. कॉटेच्या दोन्ही बाजूंचे गज चौकटीवर आदळले. त्यांनी मागं घेऊन तिरकी करून बघितली. परत आदळली. इंचभरानं अडत होती.

“ताम्हनकर,” त्या म्हणाल्या, “बाई अडली तर तिला ऑपरेशनला न्यायला मी काय करू? उभी करून चालवत नेऊ?”

सरांचा चेहरा उतरला. ते रंगरावकडं वळले. “रंगराव, चार फुटांची चौकट सांगितली होती ना? तीस वर्षं काम करता आणि टेप धरता येत नाही?”

रंगरावच्या हातातली पेन्सिल कानामागं गेली. “सर, कागद बघा की. साडेतीन लिवलंय. मी माझ्या मनानं एक सूतबी हिकडं-तिकडं करत न्हाई.”

“कागदात असं असणारच नाही.”

“आवो पन बघा तर खरं!”

“वर तोंड करून बोलू नका. आता या अकरा चौकटी कोण—”

“सर.” तहसीन पुढं झाली. तिनं रंगरावच्या हातातून नकाशा घेतला, यादीवर बोट ठेवलं, वाचलं. तिचा चेहरा पांढरा पडला. मी तिच्या मागं दोन पावलांवर उभी होते.

“रंगरावमामा बरोबर बोलतायत,” ती म्हणाली. “कागदात साडेतीनच आहे. ही यादी माझ्या प्रोग्रामनं काढली आणि मी तपासली नाही. चूक माझी आहे, डॉक्टर. मामांना काही बोलू नका.”

एवढंच बोलली. रडली नाही, कारणं दिली नाहीत. कोरे मॅडम काही बोलायला निघाल्या होत्या त्या थांबल्या. रंगराव कॉटेच्या कडेवर टेकला आणि म्हणाला, “बास, पोरी. हे असं आजपतूर कुना इंजिनेराच्या तोंडनं ऐकलं न्हवतं.”

परत येताना ती पुढं सरांच्या शेजारी बसली होती, मी मागं. सांगली जवळ आल्यावर सर म्हणाले, “झालं ते वाईटच झालं. पण तहसीन, तू तिथं चारचौघांत जे बोललीस ना, ते मला पंचवीस वर्षांत एकदाही जमलेलं नाही. मी बघ, आधी त्या रंगरावच्या अंगावर गेलो.”

मी खिडकीबाहेर रस्त्याकडं बघत होते. ती चूक माझी होती. मी केली होती, एकटीनं, शनिवारी, कुलूप लावायच्या आधी. आणि तिच्यातसुद्धा काही कौतुकाचं निघालं, तर तेही हिनंच घेऊन जावं?

पुढचे दोन दिवस तहसीन तो दोष शोधत बसली. मी तिला दिवसभर जागा दिली होती. मागितली नाही तरी दिली. ती पुन्हा पुन्हा कमांड मारायची, पुन्हा पुन्हा दार चार फुटांचंच येऊन बसायचं. वही भरून आकडे लिहिले होते. “असं कसं होईल, अजितदादा?” ती विचारायची. “एकदाच कशी चुकेल ती?” कोरे मॅडमनी सरांना कळवलं होतं की हॉस्पिटलच्या कामावर ती मुलगी नको. सरांनी तिचा प्रोग्राम वापरणं बंद करायला सांगितलं होतं. हॉस्पिटलचं काम अजितकडं गेलं. नोकरीवर पक्कं करायचं पत्र दिवाळीला मिळायचं होतं, त्याबद्दल आता कुणी बोलत नव्हतं. आणि तरी सगळं ऑफिस तिच्याभोवती. कुणी चहा आणून ठेवतंय, कुणी म्हणतंय, होतं गं असं. माझ्या चौदा वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती, त्यामुळं मला कुणी कधी चहा आणून दिला नव्हता.

गुरुवारी दुपारी चहाच्या वेळी सर हॉलमध्ये होते, सगळे होते. मी उठून उभी राहिले.

“सर, लायब्ररी माझी आहे,” मी म्हटलं. “दार लायब्ररीतून आलं. तहसीननं माझ्यावर विश्वास ठेवला. दोष माझा धरा, तिचा नको.”

यातला एक शब्द खोटा नव्हता. बाथरूमच्या आरशासमोर मी प्रत्येक शब्द निवडला होता.

मग सरांनी कप खाली ठेवला. “शोभनाबाई,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला होता, “याला म्हणतात मोठेपणा. बघा रे, शिका.”

अजितनं टाळ्या वाजवल्या. तहसीन माझ्याजवळ आली. दोन दिवसांत न रडलेली मुलगी, तिचे डोळे भरले होते. तिनं माझा हात धरला. “ताई, माझ्यासाठी असं नका करू. लायब्ररी मी स्वतः तपासलीय. दार चार फुटांचंच आहे.”

“अगं, खरंच सांगतेय,” मी म्हटलं.

ते ‘खरंच’ ऐकून सगळे आणखी हळवे झाले.

त्या दिवशी मी पोटभर जेवले. नवरा म्हणाला, “आज ती पोरगी रजेवर होती काय?”

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसात शिरले तेव्हा तहसीन माझ्या खुर्चीत बसली होती. माझ्या मशीनसमोर.

“सॉरी ताई, न विचारता बसले,” ती म्हणाली. उठली मात्र नाही. “तुमचं कालचं बोलणं डोक्यातून जाईना. एवढी बाई माझ्यासाठी स्वतःवर घेते. मला वाटलं, निदान तुमची लायब्ररी धुतल्या तांदळासारखी आहे हे तरी सरांना पुराव्यानं दाखवावं. म्हणून लवकर आले.”

मी पर्स ठेवली. स्क्रीनवर डी-टूचं दार उघडं होतं.

“सेव्ह केलं की आधीची प्रत कॅड बाजूला ठेवून देतं, ते तुम्हीच मला शिकवलंत,” ती म्हणाली. “मी ती आधीची प्रत उघडली. ही बघा. साडेतीन फूट. शनिवार, सहा वाजून बेचाळीस मिनिटं. आणि चार फुटांची ही, सोमवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांची.”

मी स्क्रीनवरून नजर काढली.

“शनिवारी पावणेसातला ऑफिसात कोण होतं, ताई?”

“मीच होते. चुकून झालं असेल गं. कुठंतरी हात लागला असेल.”

“चुकून झालं असतं,” ती म्हणाली, “तर सोमवारी चुकून दुरुस्त झालं नसतं.”

तिचा आवाज चढला नव्हता. रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं, ती चालू होत नव्हती.

“का?” तिनं विचारलं.

मी तिला नंतर खूप काही सांगू शकले असते. तेव्हा एकच वाक्य आलं. “तुझा हेवा वाटायचा.”

“मला वाटायचं, तुम्हाला मी आवडत नाही,” ती म्हणाली. “तेवढं चालतं. सगळ्यांना सगळे आवडत नाहीत. पण मिरजेत मी रंगरावमामांच्या समोर उभी राहून बोलत होते, तेव्हा तुम्ही माझ्या पाठीशीच होतात. दोन पावलांवर. तेव्हासुद्धा?”

“तेव्हासुद्धा.”

ती उठली. खुर्ची माझ्याकडं वळवून ठेवली. “सर दहाला येतील. त्यांना सांगा.”

“तू दाखव ना फाईल. मी नाही म्हणणार नाही.”

“मी नाही दाखवणार. आणि कालच्यासारखं सांगू नका. काल तुम्ही सगळं खरं बोललात आणि कुणालाही खरं वाटलं नाही. तुम्ही तसंच जुळवून बोललात, ताई. आज त्यांना खरं वाटेल असं सांगा.”

ती ‘ताई’ ही हाक शेवटची. त्यानंतर मी ‘मगदूम मॅडम’ झाले.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण शेवटी मला वेगळंच सांगायचं आहे. अकरा चौकटी काढल्या, भिंती तोडल्या, रंगरावनं नव्या चौकटी केल्या. ते काम चाललं होतं तेवढे नऊ दिवस मी रोज मिरजेला जाऊन साइटवर उभी राहायची. रंगरावची मी माफी मागितली. तो म्हणाला, “बाई, माझी न्हाई, त्या पोरीची मागा.” ती मी मागितली होती, पण मागून संपणारी ती गोष्ट नव्हती. हॉस्पिटल दोन महिने उशिरा चालू झालं. लायसन्स आणि लायब्ररी दोन्हींचा ताबा तहसीनकडं गेला. सरांनी मला काढलं नाही. कोरे मॅडमना मात्र त्यांनी मला स्वतः जाऊन सांगायला लावलं, आणि ते नोकरी जाण्याहून सोपं नव्हतं. तहसीन आणखी तीन वर्षं राहिली. त्या तीन वर्षांत तिनं मला जागा नाकारली, असं एकदाही झालं नाही. मग तिनं मिरजेत स्वतःचं ऑफिस काढलं. आता तिची हॉस्पिटलं सोलापूरपर्यंत आहेत. मी मागच्या वर्षी निवृत्त झाले. पण अजूनही एखाद्या हॉस्पिटलचा नकाशा बाहेर पडायच्या आधी ती मला फोनवर दारांची यादी पाठवते. खाली एवढंच लिहिते, ‘एकदा बघून घ्या.’ मी दोनदा बघते. ती तसं का करते, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

तर, तो शुक्रवार. सर दहा वाजता आले. मी केबिनमध्ये गेले आणि दार ओढून घेतलं.

“या शोभनाबाई, बसा.”

मी बसले नाही. “सर, ते दार मी बदललं होतं. मुद्दाम.”

ते हसले. “अहो, पुरे आता. किती अंगावर घ्याल?”

“शनिवारी सगळे गेल्यावर मी ते साडेतीन फूट केलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत परत चार फूट केलं. नकाशा प्लॉट करताना मला यादी दिसली होती, तरी मी पाठवला.”

सरांचं हसू कमी झालं, पण गेलं नाही. “हे बघा, चौदा वर्षं तुम्हाला ओळखतो मी. लायब्ररीतली एक रेघ तिरकी गेली तरी तुम्हाला झोप लागत नाही. तुम्ही मुद्दाम चुकीचं माप टाकाल? कशाला टाकाल?” मग ते पुढं वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, “खरं सांगा. त्या मुलीनं तुम्हाला असं बोलायला सांगितलंय का? स्वतःची सुटका करून घ्यायला?”

काचेतून हॉल दिसत होता. तहसीन आपल्या टेबलाशी बसून पेन्सिलला टोक करत होती. तिनं एकदाही केबिनकडं बघितलं नाही. मी नुसती गप्प राहिले असते तरी काम झालं असतं. मान हलवायचीसुद्धा गरज नव्हती. सरांनी स्वतःच ते ठरवून टाकलं असतं, आणि ती मुलगी दिवाळीच्या आत त्या ऑफिसातून गेली असती. मी ज्यासाठी हे सगळं केलं, ते माझ्यासमोर टेबलावर आयतं येऊन पडलं होतं.

मी खुर्चीची पाठ धरली.

“नाही सर. मला तिचा हेवा वाटतो,” मी म्हटलं. “ती आली त्या दिवसापासून. ती माझ्याहून चांगलं काम करते, आणि ते मला बघवत नाही.”

सर मागं टेकले. त्यांनी फाईल मागितली नाही, तारीख विचारली नाही, पुरावा विचारला नाही.

“हं,” ते म्हणाले. “हे पटतं.”